अनामत, साक्ष आणि पहारा : इथेरियममधील प्रमाणकाच्या अधिकाराची घडण (२०१२–२०२५)

१. विषयाची मांडणी

चलनाचे खरेखोटे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न चलनाइतकाच जुना आहे. धातूच्या नाण्यांच्या काळी पारखीचे काम पोतदाराकडे असे. हुंडीच्या व्यवहारात ते सावकाराच्या पेढीकडे होते. अर्वाचीन काळात ते मध्यवर्ती बँकेकडे आले. या तिन्ही व्यवस्थांत एक गोष्ट समान आहे. प्रमाण देणारा कोण हे लोकांना ठाऊक असते, आणि त्याने खोटे प्रमाण दिल्यास त्याची पत, त्याची सनद किंवा त्याची मालमत्ता समाजाच्या अगर राजसत्तेच्या आवाक्यात असते. जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइनच्या रूपाने जे चलन अस्तित्वात आले, त्यात हा आधारच काढून घेतलेला होता. तेथे खातेवही एकाच्या हाती नाही. तिच्या प्रती जगभर असंख्य संगणकांवर आहेत आणि नवी नोंद करणाऱ्याचे नावगाव कोणासही ठाऊक नसते. अशा अनामिकांपैकी कोणाच्या नोंदीवर विश्वास ठेवावा, या प्रश्नाला बिटकॉइनने दिलेले उत्तर श्रमाचे होते. ज्याने गणिती कोडे सोडविण्यासाठी वीज व यंत्रे खर्ची घातली, त्याची नोंद ग्राह्य.

या उत्तराला पर्याय म्हणून दुसरे एक उत्तर पुढे आले. ज्याला नोंदी प्रमाणित करावयाच्या आहेत त्याने त्याच चलनातील ठराविक रक्कम अनामत ठेवावी, नेमलेल्या वेळी साक्ष द्यावी आणि खोटी साक्ष दिल्यास अनामत गमवावी. असे काम पत्करणाऱ्याला या क्षेत्रात 'व्हॅलिडेटर' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास 'प्रमाणक' म्हटले आहे. अनेक चलनांनी ही पद्धत स्वीकारली. परंतु तिचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बारकाईने नोंदला गेलेला प्रयोग इथेरियम या जाळ्यावर झाला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्याने श्रमाची पद्धत सोडून अनामतीची पद्धत अंगीकारली.

या प्रयोगाविषयी बहुतेक लिखाण त्याच्या तांत्रिक बाजूचे किंवा त्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाचे आहे. येथे त्याकडे एका अधिकारपदाचा इतिहास म्हणून पाहावयाचे आहे. हे पद सामान्य माणसाला घरच्या संगणकावरून सांभाळता यावे, अशा बेताने घडविले गेले. व्यवस्थेची सुरक्षितताही प्रमाणक परस्परांपासून स्वतंत्र असण्यावर बेतलेली होती. तथापि पुढील घटनाक्रमात हे स्वातंत्र्य अनेक बाजूंनी आकुंचित होत गेलेले दिसते. ते का झाले, आणि त्याविरुद्ध कोणते उपाय योजले गेले, हा या लेखाचा विषय आहे.

२. पूर्वपीठिका

परस्परांवर विश्वास नसलेल्या मंडळींत एकमत कसे घडवावे, हा प्रश्न संगणकशास्त्राला चलनामुळे पडलेला नाही. १९८२ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टॅक व मार्शल पीझ यांनी तो बायझंटाइन सेनापतींच्या रूपकाने मांडला. नगराला वेढा घालून बसलेल्या सेनापतींपैकी काही फितूर असतील, तर उरलेल्यांनी निरोपांची देवघेव करून एकच निर्णय कसा घ्यावा? स्वाक्षरीविरहित निरोपांच्या बाबतीत त्यांनी असे सिद्ध केले की फितुरांची संख्या एक-तृतीयांशाहून कमी असेल तरच हे साधते. 'एक-तृतीयांश' हे प्रमाण पुढे प्रमाणकांच्या इतिहासात वारंवार भेटते. मात्र या सिद्धांतात सेनापती किती हे आधीच ठरलेले असते. खुल्या जाळ्यात कोणीही एक मनुष्य हजार नावांनी येऊन मते देऊ शकतो; तेथे डोकी मोजण्याला अर्थ राहत नाही. म्हणून सहज बनावट करता येणार नाही असे काहीतरी मोजणे भाग पडते.

श्रम मोजण्याची कल्पना येथूनच उपयोगी पडली. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्ये निरुपयोगी टपालाला आळा घालण्यासाठी ती सुचविली होती. अ‍ॅडम बॅक यांनी १९९७ मध्ये 'हॅशकॅश' या नावाने तिला व्यवहार्य रूप दिले. आणि सातोशी नाकामोतो या टोपणनावाने लिहिणाऱ्याने २००८ च्या अखेरीस ती चलनाच्या पायाशी घातली. परंतु काही वर्षांतच या कामासाठी खास यंत्रे तयार होऊ लागली. घरच्या संगणकावर कोडी सोडविणारा हौशी माणूस मागे पडला आणि स्वस्त विजेच्या प्रदेशांतील कारखानदारांच्या हाती खातेवहीचा ताबा जाऊ लागला.

ऑगस्ट २०१२ मध्ये सनी किंग हे टोपणनाव धारण करणाऱ्या व्यक्तीने स्कॉट नाडल यांच्यासह 'पीअरकॉइन' हे चलन आणले. त्यात श्रमाच्या जोडीला नाणी किती आणि किती काळ बाळगली, यावर नोंदीचा अधिकार ठरत असे. २०१३ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'एनएक्सटी'ने श्रम पूर्णपणे वगळले. या आरंभीच्या पद्धतींत एक मोठा दोष होता. साखळीला दोन फाटे फुटले असता श्रमाच्या पद्धतीत यंत्राला एकच फाटा निवडावा लागतो, कारण वीज दोन्हीकडे पुरत नाही. नाणी बाळगणाऱ्यास मात्र दोन्ही फाट्यांवर स्वाक्षरी करणे फुकट पडते. कोणताही फाटा जिंकला तरी त्याचा लाभच होणार. मग त्याने सत्याची बाजू का घ्यावी? या दोषाला 'पणाला काहीच न लागणे' असे नाव पडले.

त्यावरील तोडगा जानेवारी २०१४ मध्ये व्हिटालिक बुटेरिन यांनी 'स्लॅशर' या नावाने मांडला. बुटेरिन त्या वेळी विशीच्या उंबरठ्यावर होते आणि इथेरियमची कल्पना नुकतीच त्यांनी प्रसृत केली होती. दोन परस्परविरोधी नोंदींवर एकाच किल्लीची स्वाक्षरी आढळली, तर तो पुरावा सादर करून स्वाक्षरी करणाऱ्याचे धन काढून घेता यावे, असे त्यांनी सुचविले. त्याच वर्षी जे क्वॉन यांच्या 'टेंडरमिंट'ने अनामत ठेवणाऱ्या प्रमाणकांचा मंडळ-स्वरूपी आराखडा मांडला. या दोन प्रस्तावांनी विचाराची दिशा पालटली. आधीच्या पद्धती बक्षिसावर उभ्या होत्या. येथून पुढे शिक्षा हा व्यवस्थेचा पाया ठरला. शिक्षा द्यावयाची तर शिक्षा करण्याजोगे काहीतरी आधीच ताब्यात हवे. अनामतीची आवश्यकता त्यातून निष्पन्न झाली.

३. पंधराशेपासून बत्तीसपर्यंत

इथेरियमचे जाळे ३० जुलै २०१५ रोजी श्रमाच्याच पद्धतीने सुरू झाले. मात्र ती पद्धत तात्पुरती आहे, हे त्याच्या चालकांनी आरंभापासून जाहीर केले होते. इतकेच नव्हे, तर काही काळाने कोडी उत्तरोत्तर कठीण होत जाऊन जुनी पद्धत आपोआप कुंठित व्हावी, अशी तजवीजही आज्ञावलीत करून ठेवली होती. प्रत्यक्षात ही मुदत पुनःपुन्हा लांबवावी लागली.

२०१७ मध्ये बुटेरिन व व्हर्जिल ग्रिफिथ यांनी 'कॅस्पर' या नावाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात प्रमाणकांसाठी दोनच मनाई-नियम घातले होते : एकाच टप्प्यासाठी दोन वेगळ्या साक्षी देऊ नयेत, आणि आधीच्या साक्षीला वेढून घेणारी विसंगत साक्ष देऊ नये. एखाद्या नोंदीला एकूण अनामतीच्या दोन-तृतीयांशाची साक्ष दोन सलग टप्प्यांवर मिळाली की ती 'अंतिम' ठरते. परस्परविरोधी दोन नोंदी अंतिम ठरल्याच, तर किमान एक-तृतीयांश अनामत ठेवणाऱ्यांनी मनाई मोडली असलीच पाहिजे, आणि ते कोण हे त्यांच्याच स्वाक्षऱ्यांवरून सांगता येईल, असे लेखकांनी सिद्ध केले. खातेवही कधीच बिघडणार नाही, अशी हमी या निबंधात नाही. ती बिघडल्यास अपराधी सापडतील आणि त्यांना जबर किंमत मोजावी लागेल, एवढीच हमी आहे.

अनामत किती असावी, हा यानंतरचा प्रश्न होता आणि त्यातच या अधिकारपदाचे सामाजिक स्वरूप ठरावयाचे होते. २०१८ च्या वसंतात पुढे आलेल्या आराखड्यात किमान अनामत १,५०० ईथर धरली होती. प्रत्येक साक्ष जुन्या साखळीवरच तपासावयाची असल्याने साक्षीदारांची संख्या आवरणे भाग होते. त्याच वर्षाच्या मध्यास हा आराखडा बाजूला पडला. प्रमाणकांसाठी स्वतंत्र साखळी उभारावी आणि हजारो स्वाक्षऱ्या एकत्र करून एकाच स्वाक्षरीइतक्या श्रमात तपासता येणारी 'बीएलएस' पद्धती वापरावी, असे ठरले. परिणामी किमान अनामत ३२ ईथरवर आली. एक कोटी ईथर अनामत जमली असे मानल्यास १,५०० च्या दराने सुमारे ६,६६६ प्रमाणक झाले असते; ३२ च्या दराने ३,१२,५०० होतात. हे पद थोड्या धनिकांचे मंडळ न राहता मोठ्या जनसमूहाचे व्हावे, हा हेतू या एका आकड्यात व्यक्त झाला आहे.

नोव्हेंबर २०२० च्या आरंभी अनामत स्वीकारणारा करार जाहीर झाला. १ डिसेंबरला नवी साखळी सुरू व्हावयाची, तर त्याआधी सात दिवस १६,३८४ प्रमाणकांची म्हणजे ५,२४,२८८ ईथरची अनामत जमणे आवश्यक होते. पहिले दोन आठवडे ओघ मंद होता. अखेरच्या दिवसांत तो एकाएकी वाढून अट वेळेत पुरी झाली. १ डिसेंबर २०२० रोजी २१,०६३ प्रमाणकांनिशी साखळीचा आरंभ झाला. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. त्या दिवशी अनामत परत काढण्याची सोय अस्तित्वात नव्हती आणि ती केव्हा होईल याची तारीखही कोणी दिली नव्हती. ती सोय प्रत्यक्षात १२ एप्रिल २०२३ रोजी झाली. विश्वासाची गरजच उरू नये म्हणून उभारलेल्या या व्यवस्थेचा प्रारंभ अशा रीतीने सुमारे अडीच वर्षांच्या केवळ विश्वासावर झाला.

४. प्रमाणक उभा करणे आणि चालविणे

हे पद धारण करण्याची रीत तपशिलाने पाहणे अगत्याचे आहे. कारण पुढील घटनांची बीजे या तपशिलात आहेत.

इच्छुकाने प्रथम जाळ्यापासून विलग असलेल्या संगणकावर किल्ल्या तयार करावयाच्या. त्यांचे मूळ चोवीस शब्दांच्या एका ओळीत साठविलेले असते. ती कागदावर किंवा धातूच्या पत्र्यावर उतरवून सुरक्षित ठेवण्याचा प्रघात आहे. किल्ल्या दोन प्रकारच्या असतात. पहिली साक्षीची, ती अहोरात्र चालणाऱ्या संगणकावर ठेवावी लागते. दुसरी अनामत परत घेण्याची. ती कपाटात राहते. साक्षीची किल्ली चोरीस गेली तर चोराला प्रमाणकाचे नुकसान करता येते, परंतु अनामत आपल्या घरी नेता येत नाही. अनामत भरल्यावर उमेदवाराला रांगेत थांबावे लागते, कारण एका वेळी किती नवे प्रमाणक घ्यावयाचे यावर मर्यादा आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात ही प्रतीक्षा महिन्याहून अधिक लांबली होती.

संगणकावर दोन आज्ञावल्या एकमेकींशी जोडून चालवाव्या लागतात. एक व्यवहारांचा हिशेब राखते. गेथ, नेदरमाइंड, बेसू, एरिगॉन या त्या वर्गातील होत. दुसरी प्रमाणकांतील एकमत सांभाळते. प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निंबस, लोडस्टार या त्या वर्गातील होत. त्यांतील कोणतीही निवडण्याची मुभा आहे. यंत्र असामान्य लागत नाही. दोन टेराबाइट वा त्याहून मोठी वेगवान साठवण-तबकडी, पुरेशी स्मृती, अखंड इंटरनेट आणि वीज गेल्यास काही वेळ तग धरणारी बॅटरी एवढी सामग्री पुरते. संगणकाचे घड्याळ मात्र अचूक असले पाहिजे.

काळाची विभागणी बारा सेकंदांच्या 'स्लॉट'मध्ये आणि बत्तीस स्लॉटच्या 'इपॉक'मध्ये केलेली आहे. एक इपॉक ६ मिनिटे २४ सेकंदांचा, म्हणजे दिवसाला २२५ इपॉक. प्रत्येक इपॉकमध्ये प्रत्येक प्रमाणकाने एकदा साक्ष द्यावयाची. नवा ब्लॉक मांडण्याचा मान मात्र सोडतीने मिळतो आणि तो दुर्मीळ आहे. प्रमाणकांची संख्या दहा लाख धरल्यास, दिवसाला ७,२०० स्लॉट या हिशेबाने, एकाची पाळी सरासरीने सुमारे साडेचार महिन्यांतून एकदा येते. म्हणजे या पदाचे नित्यकर्म मान मिळविण्याचे नसून पहाऱ्याचे आहे. वेतनही थेंबाथेंबाने मिळते. शिवाय एकूण अनामत वाढते तसा वेतनाचा दर तिच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो.

पहारा चुकला तर जे वेतन मिळाले असते त्याच्या आसपास दंड होतो. एक दिवसाची गैरहजेरी साधारण एका दिवसाच्या हजेरीने भरून निघते. खोट्या साक्षीचा प्रकार निराळा. मनाई-नियम मोडल्याचा पुरावा सादर झाला की अनामतीचा काही भाग तत्काळ जप्त होतो, त्या प्रमाणकास पदावरून काढले जाते आणि उरलेली रक्कम सुमारे ३६ दिवस अडकून राहते.

मराठी दप्तरांच्या अभ्यासकांस येथे एका जुन्या भेदाची आठवण होईल. हाजिरजामीन माणूस वेळेवर हजर राहील याची हमी घेई. मालजामीन रकमेची हमी घेई. प्रमाणकाच्या ठायी ही दोन्ही जामीनपत्रे एकत्र आली आहेत आणि जामीन व आसामी एकच आहेत. भेद एवढाच, की जुन्या जामिनाची हमी गावाच्या ओळखीवर चाले. येथे ओळख पुसली गेल्यामुळे तिचा संपूर्ण भार रकमेवर आणि हजेरीवर पडला आहे.

५. दंडनीती आणि प्रत्यक्ष अपराध

या व्यवस्थेच्या दंडनीतीचे एक वैशिष्ट्य असे की एकट्याच्या अपराधाला ती सौम्य असते आणि अनेकांच्या एकसमयी अपराधाला कठोर. जप्त झालेल्या प्रमाणकाच्या प्रकरणाचा निकाल लावताना आसपासच्या ३६ दिवसांत आणखी किती अनामत जप्त झाली हे पाहिले जाते. एकट्याचीच झाली असेल तर अधिक दंड नाममात्र. एकूण अनामतीच्या एक-तृतीयांशाची झाली असेल तर सर्वस्वाची जप्ती. त्याचप्रमाणे एक-तृतीयांशाहून अधिक प्रमाणक गैरहजर राहून अंतिमता खुंटली, तर गैरहजरांची अनामत दिवसेंदिवस वाढत्या वेगाने झिजविली जाते. उद्देश हा की उपस्थितांचे प्रमाण पुन्हा दोन-तृतीयांशावर यावे. कट असो वा सामाईक निष्काळजीपणा, अनेकांचे एकाच वेळी चुकणे हाच व्यवस्थेला खरा धोका वाटतो.

ही भीती अनाठायी नव्हती, हे मुख्य साखळी सुरू होण्यापूर्वीच दिसून आले. 'मेडाला' नावाच्या चाचणी-जाळ्यावर १४ ऑगस्ट २०२० रोजी, बहुसंख्य प्रमाणक वापरीत असलेल्या प्रिझम या आज्ञावलीचे घड्याळ चुकले. ती सहा ठिकाणांहून वेळ विचारून सरासरी काढीत असे. त्यांतील एका ठिकाणची वेळ चोवीस तास पुढे गेली आणि सरासरी चार तासांनी सरकली. हजारो प्रमाणक एकदम भविष्यकाळातील साक्षी देऊ लागले. दुरुस्तीच्या घाईत गोंधळ वाढला, अनेकांची जप्ती झाली आणि काही दिवस अंतिमता लाभली नाही. यात कोणीही फितूर नव्हते. सर्वांचा भरवसा एकाच घड्याळावर होता, एवढेच.

मुख्य साखळीवरील जप्तीच्या प्रकरणांतूनही असाच बोध होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये एका व्यावसायिक संस्थेच्या ७५ प्रमाणकांची जप्ती झाली. पूर्वी दिलेल्या साक्षींची नोंद टिकवून धरणारी व्यवस्था तेथे बंद ठेवली गेली होती आणि त्यामुळे दुबार साक्षी गेल्या. वैयक्तिक प्रमाणकांच्या बाबतीत नित्याचे कारण याहून सरळ आहे. हजेरी चुकू नये म्हणून एकच किल्ली दोन संगणकांवर ठेवावयाची. पहिला बंद पडला असे समजून दुसरा सुरू व्हावयाचा. आणि पहिला बंद पडलेलाच नसावयाचा. अपराध घडतो तो अप्रामाणिकपणामुळे नव्हे, अतिदक्षतेमुळे. अनुभवी चालक म्हणूनच नवागतास सांगतात की यंत्र एक दिवस बंद राहिले तरी चालेल, पण किल्ली दोन ठिकाणी नको. आणि यंत्र बदलताना जुन्या साक्षींची नोंद बरोबर नेल्यावाचून नवे यंत्र सुरू करू नये. दहा लाखांहून अधिक प्रमाणकांत जप्ती झालेल्यांची संख्या शेकड्यांतच राहिली, हे या शिस्तीचे फळ होय.

११ व १२ मे २०२३ रोजी मुख्य साखळीवर दोनदा अंतिमता थांबली. पहिल्यांदा सुमारे पंचवीस मिनिटे, दुसऱ्यांदा तासाहून काहीसा अधिक काळ. जुन्या टप्प्यांविषयीच्या साक्षी तपासताना प्रिझम व टेकू या आज्ञावल्यांवर अतोनात ताण आला, हे त्याचे कारण. झीज घडविणारी दंडयोजना मुख्य साखळीवर त्या वेळी प्रथमच लागू झाली. तरीही नवे ब्लॉक तयार होत राहिले आणि व्यवहार चालू राहिले. कारण उरलेल्या आज्ञावल्या वेगळ्या हातांनी लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यांना तो ताण बाधला नाही. भिन्नतेचे मोल पुस्तकी नाही, हे त्या दोन दिवसांनी दाखविले.

६. एकत्रीकरणाचे तीन मार्ग

प्रमाणकांचे परस्परस्वातंत्र्य तीन मार्गांनी आकुंचित झालेले दिसते : भांडवल, आज्ञावली आणि ब्लॉकची बांधणी.

पहिला मार्ग भांडवलाचा. १ डिसेंबर २०२० रोजी एका ईथरचे मोल सुमारे ६०० डॉलर होते. म्हणजे अनामत १९,००० डॉलरच्या घरात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ईथर ४,८०० डॉलरच्या आसपास पोचला आणि तीच ३२ ईथरची अनामत दीड लाख डॉलरवर गेली. आकडा तोच राहिला, त्याचा सामाजिक अर्थ मात्र बदलला. शिवाय अनामत परत मिळण्याची तारीख नव्हती. ज्यांच्यापाशी ३२ ईथर नव्हते, किंवा होते पण ते अडकवून ठेवण्याची व रात्रंदिवस यंत्र राखण्याची तयारी नव्हती, त्यांच्यासाठी मध्यस्थ उभे राहिले. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली 'लिडो' ही त्यांतील सर्वांत मोठी योजना. तेथे कितीही रक्कम ठेवता येई, तिच्या बदल्यात हस्तांतरणीय पावती मिळे आणि प्रत्यक्ष पहारा निवडक व्यावसायिक चालक करीत. २०२२-२३ मध्ये एकूण अनामतीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग या एका योजनेद्वारे ठेवलेला होता. म्हणजे अंतिमता रोखू शकणाऱ्या प्रमाणाच्या अगदी जवळ. चलनांच्या मोठ्या बाजारपेढ्यांनीही ग्राहकांच्या ठेवी अशाच रीतीने गुंतविल्या. उलट दिशेने प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 'रॉकेट पूल'ने नोव्हेंबर २०२१ पासून घरगुती चालकाला १६ ईथर आणि एप्रिल २०२३ पासून ८ ईथर स्वतःचे घालून, उरलेली रक्कम इतरांकडून मिळवून प्रमाणक चालविण्याची सोय दिली. एकाच किल्लीचे तुकडे अनेकांत वाटून ठराविक संख्येच्या संमतीने साक्ष देण्याची पद्धतीही प्रचारात आली.

दुसरा मार्ग आज्ञावलीचा, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. भिन्न मालकांचे, भिन्न देशांतील प्रमाणक एकच आज्ञावली चालवीत असतील, तर तिच्यातील एका दोषामुळे ते सारे एकाच वेळी चुकतात. २१ जानेवारी २०२४ रोजी नेदरमाइंडमध्ये असा दोष उद्भवला. तिचा वाटा लहान असल्याने हानी अल्प झाली. पण त्याच वेळी तीन-चतुर्थांशाहून अधिक प्रमाणक गेथवर अवलंबून आहेत, ही गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. हाच दोष गेथमध्ये असता तर चुकीची नोंद अंतिम ठरली असती आणि मनाई मोडल्याशिवाय साक्षीदारांना माघार घेता आली नसती. अशी परिस्थिती वर्षभराने 'होलेस्की' या चाचणी-जाळ्यावर खरोखरच ओढवली. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी तीन आज्ञावल्यांत अनामत-कराराचा पत्ता चुकीचा नोंदलेला राहिल्यामुळे बहुसंख्य प्रमाणकांनी अग्राह्य ब्लॉकला साक्ष दिली. योग्य साखळीवर परत येणे त्यांना जप्तीच्या भयाने अवघड झाले आणि अंतिमता पूर्ववत होण्यास सुमारे दोन आठवडे लागले. नियमाचे अक्षर पाळणारा साक्षीदार आपल्याच चुकीत कसा कोंडला जातो, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

तिसरा मार्ग ब्लॉकच्या बांधणीचा. व्यवहारांचा क्रम चतुराईने लावला तर अधिक उत्पन्न मिळते, परंतु ते विशेषज्ञांचे काम आहे. म्हणून १५ सप्टेंबर २०२२ नंतर बहुतेक प्रमाणकांनी तयार ब्लॉक बाहेरून घेण्यास आरंभ केला. तो त्यांच्यापर्यंत 'रिले' नावाच्या मध्यस्थांमार्फत येई. त्याच्या थोडेच आधी, ८ ऑगस्ट २०२२ रोजी, अमेरिकेच्या अर्थखात्याने 'टॉर्नेडो कॅश' या व्यवहार झाकणाऱ्या आज्ञावलीचे पत्ते निषिद्ध यादीत घातले होते. प्रमुख मध्यस्थांनी तसे व्यवहार वगळण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तीन-चतुर्थांशाच्या आसपास ब्लॉक अशा मध्यस्थांकडून येत होते. प्रमाणक लाखोंच्या संख्येने जगभर विखुरलेले असूनही, ब्लॉकमध्ये काय असावे याचा निर्णय मूठभरांकडे आणि पर्यायाने एका देशाच्या सत्तेकडे झुकला. पुढे इतर मध्यस्थ आल्यावर हे प्रमाण घटले. निषिद्ध यादीतील तो उल्लेखही २१ मार्च २०२५ रोजी मागे घेतला गेला. तथापि साक्ष देणारे पुष्कळ असले म्हणजे मजकूर लिहिणारेही पुष्कळ असतात असे नाही, हे त्या काळात उघड झाले.

७ मे २०२५ रोजी अमलात आलेल्या 'पेक्ट्रा' या सुधारणेने या इतिहासाला वेगळे वळण दिले. एका प्रमाणकाची परिणामकारक अनामत ३२ वरून २,०४८ ईथरपर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली. किमान ३२ कायम राहिली. परंतु दहा लाखांहून अधिक झालेल्या प्रमाणकांच्या साक्षींचा भार जाळ्याला जड जात होता आणि त्यांतील पुष्कळसे एकाच चालकाचे होते, म्हणून मोठ्या चालकांनी आपले प्रमाणक एकवटावेत, असा हेतू होता. त्यांना भय वाटू नये म्हणून जप्तीचा तत्काळ दंडही घटविला. आरंभी हा दंड अनामतीच्या १२८ व्या भागाइतका होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ६४ व्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ३२ व्या भागावर नेला होता. तो आता ४,०९६ व्या भागावर आला. सामूहिक अपराधाचा दंड मात्र राहिला. २०१८ मध्ये साक्षीदारांची संख्या हेच विकेंद्रीकरणाचे माप मानले होते. २०२५ मध्ये ते माप फसवे असल्याची ही कबुलीच होय.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही अनुमाने काढता येतात. पहिले, श्रमाऐवजी अनामत हा प्रयोग त्याच्या मर्यादित उद्दिष्टापुरता यशस्वी झाला. जाळ्याचा वीजखर्च ९९.९ टक्क्यांहून अधिक घटला, संक्रमणाच्या वेळी साखळी खंडित झाली नाही, आणि २०२५ च्या मध्यास सुमारे साडेतीन कोटी ईथर, म्हणजे एकूण ईथरच्या चतुर्थांशाहून अधिक, अनामत म्हणून ठेवलेले होते.

दुसरे, या पदावर मोठे आघात झाले ते फितुरीमुळे नव्हे. चुकलेले घड्याळ, दुबार ठेवलेली किल्ली, चुकीचा पत्ता, एकाच आज्ञावलीवरील भरवसा, ही त्यांची कारणे होती. शास्त्रकारांनी फितुरांची कल्पना करून जो एक-तृतीयांशाचा बांध घातला, तो प्रत्यक्षात प्रामाणिक परंतु एकसारख्या माणसांविरुद्ध कामी आला.

तिसरे, अनामतीची रक्कम कमी केल्याने पद सर्वांसाठी खुले झाले, पण ते सर्वांनी सांभाळले असे झाले नाही. मालजामिनाचा भार वाटून घेता आला. हाजिरजामिनाचा भार तसा वाटता येईना, म्हणून तो दुसऱ्यावर सोपविला गेला. पहारा ही कष्टाची आणि कंटाळवाणी गोष्ट आहे. जेथे तिचे मोल थोडे मिळते तेथे ती व्यावसायिकांच्या हाती जाते, हा इतर अधिकारपदांच्या इतिहासातीलही अनुभव आहे.

घरच्या कोपऱ्यात एक लहान संगणक ठेवून, अल्पसंख्य आज्ञावली जाणूनबुजून निवडून, आपल्या किल्ल्या आपणच सांभाळणारा प्रमाणक एकूण अनामतीच्या मानाने लहान असेल. तथापि त्याचे यंत्र, त्याची वीज आणि त्याची चूक ही सर्वस्वी त्याची स्वतःची असतात. ज्या व्यवस्थेला एकसमयी चुकण्याचेच भय सर्वाधिक आहे, तिच्या दृष्टीने त्याच्या साक्षीचे मोल त्याच्या बत्तीस ईथरांवरून ठरत नाही. असे प्रमाणक किती टिकून राहतात, यावरच अनामतीच्या या प्रयोगाचे पुढील मूल्यमापन अवलंबून राहील.